दोन कॉलांच्या मधला वेळ

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



शासकीय पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ म्हणून एक ओळ लिहावयाचा शिरस्ता आहे, आणि एकतीस वर्षे सरकारी रुग्णालयांत काढून वैद्यकीय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याच्या हाताला तो इतका वळणी पडलेला आहे की, ती ओळ गाळून पत्र सुरू करताना टोपी न घालता चावडीवर गेल्यासारखे वाटते. तरीही ती गाळली. कारण तिच्यात लिहिण्याजोगा विषय फार लहान आहे, आणि लहान विषयाचे पत्र मंत्रालयात कोणत्या टेबलावर जाऊन निजते हे मला ठाऊक आहे. रुग्णवाहिकेने एक रुग्ण रुग्णालयाच्या दारात उतरवला आणि तिला दुसऱ्या रुग्णाची हाक आली, ह्या दोन घटनांच्या मधे जो काही वेळ जातो, किंवा जात नाही, त्याविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

२०१४ साली आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवनरक्षक सामग्रीच्या आणि ७०४ प्राथमिक सामग्रीच्या, व प्रत्येक गाडीत एक डॉक्टर. बैलगाडीतून आणि दुधाच्या टेम्पोतून येणारे बाळंतपणाचे रुग्ण ज्याने नोकरीची पहिली वीस वर्षे उतरवून घेतले, त्याला ह्या सुधारणेचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा ह्या सेवेवर दोष ठेवणे हा माझा हेतू नव्हे, हे आधीच नमूद करून ठेवतो. आपत्कालीन सेवेचा सारा जीव घड्याळात असतो हेही मला मान्य आहे. हाक केव्हा आली, गाडी केव्हा निघाली, घटनास्थळी केव्हा पोहोचली, रुग्ण रुग्णालयाच्या स्वाधीन केव्हा झाला, ह्या प्रत्येक क्षणाची नोंद होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु रुग्ण स्वाधीन झाला की घड्याळ थांबते. त्या क्षणापासून गाडी कागदावर ‘मोकळी’ होते. ह्या ‘मोकळी’ शब्दाइतका फसवा शब्द आरोग्यखात्याच्या दप्तरात दुसरा नसेल. कारण ज्या गाडीला आपण मोकळी म्हणतो तिच्या गादीच्या शिवणीत रक्त शिरलेले असते, सक्शनच्या बाटलीत मघाच्या रुग्णाचे स्राव असतात, आणि पुढच्या दोन बैठकींवर बसलेल्या दोन माणसांच्या डोळ्यांपुढून तो रुग्ण अजून हललेला नसतो. संसर्गाचा बंदोबस्त आणि मनाचा बंदोबस्त, ज्यांच्यासाठी आपल्याकडे दोन वेगळी परिपत्रके निघतात, त्या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात ह्याच न मोजलेल्या वेळात व्हावयाच्या असतात.

निवृत्तीनंतर मी ज्या घरात राहतो ते एका महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयाच्या मागल्या कुंपणाला लागून आहे. रुग्णालयाचे आणि गावाचे नाव सांगण्यात हशील नाही. माझ्या पडवीतून गाड्यांचा थांबा दिसतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री, दोनच्या सुमारास, घाटातल्या अपघाताची केस टाकून गाडी परत आली. चालकाने, ज्याला त्या सेवेत पायलट म्हणतात, मागचे दार उघडले, स्ट्रेचर ओढून काढले, आणि चहाच्या टपरीमागून रंगाची एक रिकामी बादली आणली. आवारातल्या नळाची चावी केव्हाच गळून पडलेली आहे. तिच्या जागी एक पक्कड सुतळीने बांधून ठेवलेली असते. त्या पक्कडीने त्याने नळ फिरवला, बादली भरली आणि ती गाडीच्या फरशीवर ओतली. पाणी गुलाबी होऊन दारातून खाली आले, फरसबंदीवरून वाहत टपरीच्या बाकापर्यंत गेले, आणि तिथे निजलेला कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला. डॉक्टर तोपर्यंत हातमोज्यांसकट मोबाईलवर बोलत होता. मग मोजे काढून त्याने पक्कड धरली, हात धुतले, आणि पुन्हा त्याच पक्कडीने नळ बंद केला. माझ्या घड्याळाप्रमाणे हे सारे नऊ मिनिटांत आटोपले. दहाव्या मिनिटाला पुढचा कॉल लागला.

आता शास्त्र काय सांगते ते आपल्या सचिवालयातला कोणताही अधिकारी आपणास सांगेल. सांडलेले रक्त आधी टिपून घ्यावयाचे असते, कारण रक्ताच्या थरावर जंतुनाशक ओतले तर त्याचा जोर रक्तातच जिरतो. मग त्या जागी एक टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे बाजारातल्या पाच टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग, निदान दहा मिनिटे ओले राहील असे ठेवावयाचे असते. हे मिश्रण रोज ताजे करावयाचे असते, कारण ऊन आणि हवा त्याला निकामी करतात. आणि धातूची उपकरणे त्याने गंजतात म्हणून ती सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावयाची असतात. स्ट्रेचरचे पट्टे, रक्तदाबाचा पट्टा, दाराची मूठ, ऑक्सिजनची कळ, आणि ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही ते पायलटचे सुकाणू, ह्या सर्वांवरून हात फिरला पाहिजे. क्षयाचा रुग्ण नेला असेल तर दारे आणि खिडक्या उघड्या टाकून आतली हवा बदलू द्यावी लागते. पीपीई किटचा पोशाख अंगावर चढवताना नव्हे तर उतरवताना संसर्ग होतो, हे कोरोनाने आपणा सर्वांना शिकवले; तेव्हा तो उतरवण्यालाही घाई चालत नाही. मी एका निवांत दुपारी दोन तरुण सहकाऱ्यांना घेऊन हे सगळे यथासांग करून पाहिले, तेव्हा पस्तीस मिनिटे लागली. नऊ मिनिटांत जे होते त्याला शुद्धी म्हणता येत नाही. ते शिंतोडे उडवणे होय.

इथे कोणी म्हणेल की, सेवाभाव असला तर माणूस वेळेची तक्रार करीत नाही. सेवाभावाचा हा दाखला आपल्या महाराष्ट्रात फार जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याच्या वस्तीतील पांडुरंग गायकवाड ह्या मुलाला पाठीवर घेऊन, हडपसरजवळच्या माळावर आपला मुलगा डॉ. यशवंत चालवीत असलेल्या दवाखान्यात पोहोचवले, त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली, आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन ह्यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. आणि हा रोग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ ह्यांनी कराचीत दाखवले ते १८९८ च्या जूनमध्ये. सावित्रीबाईंना पिसू ठाऊक नव्हती, यशवंतरावांना ठाऊक नव्हती, जगात कोणालाच ठाऊक नव्हती. म्हणून त्यांच्या मृत्यूपुढे आपण नतमस्तक होतो आणि त्याचा दोष कोणाला देत नाही. आपल्याला मात्र सारे ठाऊक आहे. जे टाळता येत होते ते न टाळता त्याला हौतात्म्याचा मान देणे, ही मला तरी त्या माउलीची विटंबना वाटते. कोरोनाच्या साथीत २२ मार्च २०२० रोजी आम्ही आरोग्यसेवकांच्या कौतुकाच्या थाळ्या ऐकल्या आणि ३ मे रोजी रुग्णालयांवर विमानदलाची फुले पडली. मीही त्या दिवशी डोळे पुसले, हे लपवत नाही. पण फुले झाडून झाली की फरशी कशाने धुवावयाची, हा प्रश्न तसाच राहिला होता.

कायद्याची उणीव नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी तो कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला काविळीच्या ‘बी’ प्रकारावरील आणि धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून एकदा त्याची प्रकृती तपासणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने सुरक्षित कामाची जागा आणि सुई टोचल्यावरचे प्रतिबंधक औषध हा कर्मचाऱ्याचा हक्क केला. मारहाण करणाऱ्यांसाठी राज्याचा २०१० चा अधिनियम आहे, आणि १८९७ च्या साथरोग कायद्याला २०२० साली जोडलेल्या दुरुस्तीत सात वर्षांपर्यंत कैद आहे. कलमे आहेत; अडचण आहे ती कलम आणि नळ ह्यांच्या मधल्या अंतराची.

ह्या अंतराचा एक अनुभव मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो, कारण त्यात कसूर माझी होती. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी आमच्या गाडीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. बेशुद्ध रुग्णाला धावत्या गाडीत सलाईन लावताना गाडी खड्ड्यात आदळली आणि सुई मोज्यातून तिच्या तर्जनीत गेली. तिने बोट दाबदाबून रक्त काढले, जे करू नये असे आम्हीच शिकवतो, आणि दुपारी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी कामात होतो. वर न पाहता म्हणालो, “काही होत नाही, टीटी घे.” वस्तुतः अशा वेळी साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुऊन एचआयव्हीच्या प्रतिबंधक औषधाची पहिली मात्रा होईल तर दोन तासांत, आणि कसेही झाले तरी बहात्तर तासांच्या आत पोटात जावयास हवी, व पुढे ती अठ्ठावीस दिवस चालावयास हवी. त्यातही लोक एचआयव्हीला भितात तितके काविळीला भीत नाहीत, ही एक गंमतच आहे: बाधित सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन, आणि लस न घेतलेल्याला ‘बी’ची कावीळ होण्याची शक्यता शंभरात सहापासून तिसापर्यंत, शिवाय तो विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात आठवडाभर तग धरतो. त्या मुलीचे लसीचे तीन डोस झाले होते काय, हे मी विचारले नाही. सुदैवाने तिला काही झाले नाही. पण तीन महिने तिने मनात काय सोसले ते ती नोकरी सोडून जाताना बोलली. घटनेची नोंद का केली नाहीस, असे विचारल्यावर म्हणाली, “सर, त्या फॉर्ममध्ये ‘निष्काळजीपणा कोणाचा’ असा रकाना आहे.” तो रकाना मीच घातलेला होता.

मन आणि संसर्ग ह्यांची खाती वेगळी करता येत नाहीत, हे मला तिने शिकवले. आणि उलट बाजूने तेच शिकवले ते आमच्या एका चालकाने.

उन्हाळ्याचे दिवस होते. शेततळ्यात पडलेले सहा वर्षांचे मूल त्याने गाडीतून आणले. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कडा निसरड्या असतात, त्यांवरून मोठ्या माणसालाही चढून येता येत नाही. मूल तर मूलच. आम्ही अर्धा तास खटपट केली आणि मृत घोषित केले. त्यानंतर थोड्याच वेळात प्रसूतीची एक अडलेली केस जिल्हा रुग्णालयात पाठवावयाची होती. चालकाला तीनदा निरोप गेला, तो आला नाही. दुसरी गाडी मिळाली, बाई आणि बाळ दोन्ही सुखरूप राहिली, परंतु शिस्त ती शिस्त, म्हणून मी त्याला ज्ञापन बजावले: कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, ह्याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. त्यात एकच ओळ होती: “गाडी धुवून झाली नव्हती.” मला ते उद्धटपणाचे वाटले. पुढे कधीतरी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने सहज बोलता बोलता सांगितले की, त्या संध्याकाळी चालकाने स्ट्रेचर पाच वेळा धुतले होते. गाडीत रक्त नव्हते, ओकारी नव्हती. मुलाच्या टाचांना लागलेला चिखल तेवढा चादरीला होता, आणि चादर तर केव्हाच धोब्याकडे गेली होती. त्याचा स्वतःचा मुलगा पहिलीत होता. वर्षभरात त्याने अर्ज करून भांडारात बदली मागून घेतली. मी ती मंजूर केली आणि खुलासा दप्तरदाखल केला.

अशा माणसांसाठी काय करावे, ह्याविषयी जगात बराच विचार झालेला आहे, आणि त्यात एक ठेच लागलेलीही आहे, ती आपण पुन्हा खाऊ नये म्हणून सांगतो. स्वतः एकेकाळी अग्निशमन दलात आणि रुग्णवाहिकेवर काम केलेले जेफ्री मिचेल ह्यांनी अमेरिकेत १९८३ साली एक पद्धत मांडली: भीषण प्रसंगानंतर सर्वांना एकत्र बसवून त्या प्रसंगाची रीतसर उजळणी करवून घ्यावयाची. हेतू उदात्त होता आणि पद्धत झपाट्याने पसरली. परंतु एकाच बैठकीत करवून घेतलेल्या अशा उजळणीच्या चाचण्यांचा पुढे एकत्रित आढावा घेण्यात आला तेव्हा तिने नंतरचा मानसिक आजार टळत नाही, आणि काहींना तर अपायच होतो, असे आढळले. जखमेची खपली धरण्याआधी ती काढू नये, हे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. म्हणून प्रत्येक अपघातानंतर समुपदेशकाचे व्याख्यान सक्तीने भरवून त्याच्या हजेरीपटावर सह्या घेण्याची तजवीज कोणी आपल्यापुढे मांडली, तर कृपा करून ती परत पाठवावी. कामास येतात त्या गोष्टी साध्या आहेत: ओळखीच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने शेजारी बसणे, बोलावेसे वाटले तर ऐकणे, न बोलले तर चहा पाजणे, घरी कळवणे, झोप मिळेल असे पाहणे, आणि तीन-चार आठवड्यांनीही माणूस सावरला नाही तर त्याला जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे. २०२२ पासून मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो चांगला आहे. पण फोन करावयालाही दहा मिनिटे आणि एक आडोसा लागतो.

झोपेचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची सावधानता, रक्तात शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंद होते, असे प्रयोगांनी दाखवले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची. म्हणजे बदली न आल्यामुळे दुसरी पाळी ओढणारा पायलट, दारूचा थेंबही न शिवता, जिच्यात पोलिसांनी अडवावे अशा अवस्थेत दिवा लावून घाट उतरत असतो, आणि आपण त्याला वाट देतो.

तर, महोदय, माझी पहिली मागणी अशी आहे की, गाडीच्या नोंदवहीत ‘रुग्ण स्वाधीन केल्याची वेळ’ आणि ‘पुढील कॉलची वेळ’ ह्यांच्या मधे आणखी एक रकाना असावा: ‘गाडी व माणसे सज्ज झाल्याची वेळ’. जे मोजले जाते तेच सरकारात जिवंत राहते, हे मी एकतीस वर्षांत शिकलो. साध्या केसनंतर हा अवधी लहान असेल, रक्ताच्या किंवा क्षयाच्या केसनंतर अर्ध्या-पाऊण तासाचा असेल; आणि मूल दगावले, माणूस जळालेला आणला, किंवा नातलगांनी अंगावर हात टाकला, अशा दिवशी गाडीवरच्या माणसाने नुसते ‘तासभर नको’ म्हटले तर खुलासा न मागता तो तास त्याला मिळावा. ह्याने गाड्या अपुऱ्या पडतील असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. इंग्लंडातील काही रुग्णवाहिका सेवांनी गाडी धुऊन, सामान भरून सज्ज करण्याचे काम स्वतंत्र पथकाकडे सोपवले आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या दारात, जिथे गाड्यांची रीघ लागते, तसे दोन माणसांचे पथक ठेवणे अवघड नाही. बाकी ठिकाणी काही गाड्या वाढवाव्या लागतील. मोकळ्या नसलेल्या गाड्या मोकळ्या म्हणून मोजल्याने त्या वाढत नाहीत.

सुई टोचल्याच्या फॉर्ममधून निष्काळजीपणाचा रकाना काढून टाकावा, ही दुसरी विनंती. आणि काविळीच्या लसीच्या तीन मात्रा झाल्यावर रक्तात प्रतिपिंडे आली की नाहीत हेही तपासावे, मग तो माणूस कायम नोकरीत असो वा कंत्राटावर. विषाणू नेमणुकीचा आदेश वाचत नाही.

ह्या पत्राला उत्तर आले नाही तरी चालेल. सज्ज झाल्याच्या वेळेचा रकाना आला तर माझ्या पडवीतून तो मला दिसणार नाही, पण गाडी धुताना किती वेळ लागला ते दिसेल, आणि माझे घड्याळ अजून बरोबर चालते.

आपला नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय अधीक्षक

ता. क. – पत्र पुरे करून संध्याकाळी सहज थांब्याकडे फेरी मारली. नळाला चावी अद्याप बसलेली नाही. पक्कड मात्र नवी आली आहे.